हार्डनॉट की हाउसस्टेड्स: डोंगरातला रोमन किल्ला बघायचा तर कोणता?

उत्तर इंग्लंडमध्ये रोमन किल्ल्यांचे अवशेष पैशाला पासरी आहेत. पण त्यातले बरेचसे आता शहराच्या पोटात नाहीतर शेताखाली गेलेत. भणाण वाऱ्यात, आडबाजूला, डोंगरात उभं राहून बघावेत असे दोन चटकन सुचतात. एक लेक डिस्ट्रिक्टमधला हार्डनॉट, दुसरा हेड्रियनच्या भिंतीवरचा, म्हणजे रोमनांच्या उत्तर सरहद्दीवरच्या भिंतीला लागून असलेला हाउसस्टेड्स. दोन्ही सम्राट हेड्रियनच्या कारकिर्दीतले, म्हणजे इ.स. १२० ते १३८ च्या आसपासचे. दोन्ही आज इंग्लिश हेरिटेजच्या देखभालीखाली आहेत, आणि दोन्हीकडे मेंढ्यांना कोणी हटकत नाही. साम्य एवढंच.

माझा कौल आधीच सांगून टाकतो. हाताशी गाडी असेल, अरुंद रस्त्यावर न बिचकणारा चालक असेल आणि आभाळ मोकळं असेल, तर हार्डनॉट. यातली एक जरी गोष्ट नसेल तर सरळ हाउसस्टेड्स गाठा. तो दुय्यम पर्याय नाही. बघण्यासारखं तिथेच जास्त आहे.

सह्याद्रीत गड फिरलेल्यांनी मात्र एक अपेक्षा घरी ठेवून जावं. आपला गड म्हणजे आत शिरून दार लावून घ्यायचं आणि महिनोन्‌महिने टिकून राहायचं. रोमनांचा किल्ला त्याच्या उलट: बाहेर पडायला सोपा हवा. त्यांना लढायचं असे ते उघड्यावर, रांगा लावून. म्हणून चारही दिशांना दरवाजे, गोलाई दिलेले कोपरे, आणि आत सरळ रेषांत आखलेल्या बराकी. पत्त्याच्या पानासारखा हा आराखडा सीरियापासून स्कॉटलंडपर्यंत थोड्याफार फरकाने तोच. गोमुखी दरवाजा, चोरवाट, बालेकिल्ला असलं काही शोधू नका. हार्डनॉटला वायव्येकडे जमीन एकदम खाली तुटते, तरी त्याही बाजूला दरवाजा आहेच! जागा कशीही असो, नकाशा बदलायचा नाही, हा खाक्या.

हार्डनॉट: रस्त्याची परीक्षा आधी

हार्डनॉटबद्दल बोलायचं तर रस्त्यापासूनच सुरुवात करायला हवी, कारण बेत तिथेच ठरतो किंवा मोडतो. हार्डनॉट खिंडीचा माथा ३९३ मीटरवर. चढ काही ठिकाणी तिनास एक, म्हणजे तीन मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. आपल्याकडचे घाट ट्रक-एसटी चढाव्यात म्हणून आखलेले असतात. इथे तसला विचार कोणी केलेला दिसत नाही. रस्ता एका गाडीच्या रुंदीचा, वळणं हातातल्या पिळासारखी, आणि समोरून कोणी आलं तर कोणीतरी मागे जायचं. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची हा घाटातला नियम तिथेही पाळतात. पण तुमच्या मागे चार गाड्या असल्या की नियमाला फारसा अर्थ उरत नाही.

अँबलसाइडकडून आलात तर आधी रायनोज खिंड आणि मग हार्डनॉट, असे दोन घाट ओलांडून, माथ्यावरून पलीकडे उतरताना किल्ला लागतो. पश्चिमेकडून, एस्कडेल खोऱ्यातून आलात तर रायनोज आणि माथा दोन्ही टळतात. किल्ला माथ्याच्या अलीकडे, याच उतारावर आहे. तरी पायथ्यापासूनची काही वळणं चुकत नाहीत. भाड्याची गाडी आयुष्यात पहिल्यांदा चालवणार असाल, गाडीत सातजण असतील किंवा मागच्या सीटवर कोणाला गाडी लागत असेल, तर पश्चिमेकडूनच या. हिवाळ्यात बर्फ पडलं की हा रस्ता बऱ्याचदा बंदच असतो.

गाडी नसेल तरी एक वाट आहे, आणि ती मला जास्त आवडते. किनाऱ्यावरच्या रॅव्हनग्लास गावातून एस्कडेलमध्ये एक छोटी आगगाडी जाते. रूळांमधलं अंतर फक्त १५ इंच. माथेरानची गाडी तिच्यापुढे राजधानी एक्स्प्रेस वाटेल. शेवटचं स्टेशन डेलगार्थ. तिथून किल्ल्यापर्यंत सुमारे ५ किलोमीटर चाल, शेवटचा टप्पा चढाचा. परतीच्या गाडीची वेळ खिशात ठेवूनच निघा. रॅव्हनग्लासलाही रोमनांचा तळ होता. तिथल्या स्नानगृहाच्या भिंती अजून जवळपास ४ मीटर उंच उभ्या आहेत. उत्तर इंग्लंडमध्ये एवढी उंच रोमन भिंत क्वचितच बघायला मिळते. तिकीट नाही, गर्दीही नाही. गाडीची वाट बघत फलाटावर बसण्यापेक्षा तिकडे चक्कर मारून या.

किल्ला स्वतः लहान आहे. चौरस, बाजू साधारण ११४ मीटर, म्हणजे तीनेक एकर. समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम २५० मीटर. पुणं शहर याच्या दुपटीहून उंचावर आहे. पण उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. एस्कडेलच्या सोंडेवर तो असा बसवलाय की एका बाजूला स्काफेलच्या डोंगररांगा आणि दुसरीकडे खोरं थेट समुद्रापर्यंत उलगडत गेलेलं. हवा स्वच्छ असेल तर आइल ऑफ मॅनही दिसतं. रॅव्हनग्लासच्या बंदरातून अँबलसाइडकडे जाणारा लष्करी रस्ता याच खिंडीतून जाई. त्या रस्त्यावर डोळा ठेवायला हा किल्ला. इथे पाच मिनिटं उभं राहिलात की जागा का निवडली ते विचारावं लागत नाही. आपल्याकडे नाणेघाटाच्या वर जीवधन का आहे ते जसं बघताक्षणी कळतं, तसंच.

तटबंदी चांगली उभी आहे, बऱ्याच ठिकाणी माणसाच्या उंचीच्या वर. पण ती सगळी मूळची नाही. विसाव्या शतकात पडलेले दगड पुन्हा रचले गेले, आणि जुनं कुठे संपतं ते कळावं म्हणून मधे पाटीच्या दगडाचा एक पातळ थर बसवला. तो थर नजरेने धरून तटाकडेने एक फेरी मारा. त्याच्या खालचं रोमनांचं, वरचं सरकारचं. जीर्णोद्धारातला हा प्रामाणिकपणा आपल्या पुरातत्त्ववाल्यांनी उचलावा असं मला दर वेळी वाटतं.

आत फक्त जोती. मधोमध सदर, शेजारी अधिकाऱ्याचा वाडा, दुसऱ्या बाजूला जोडअंबारखाना. बराकी लाकडी असाव्यात. त्यांचं वर काही उरलेलं नाही. तटाबाहेर, रस्त्याकडून चढताना, आधी स्नानगृह लागतं: गार, कोमट आणि गरम अशा खोल्या ओळीने, आणि बाजूला घाम काढायची एक गोल खोली. अशा पावसाळी डोंगरात रोज पहारा देणाऱ्याला ती गोल खोली म्हणजे स्वर्ग वाटला असेल. आणि हे पहारेकरी होते कोण? १९६४ मध्ये सापडलेल्या एका तुटक्या शिलालेखावरून कळलं की ती डाल्मेशियन लोकांची चौथी तुकडी होती. आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्याकडची, नावापुरती पाचशे माणसं. एड्रियाटिकच्या उन्हातून उचलून त्यांना इथे आणून ठेवलं होतं. बदलीची तक्रार कोणाकडे करणार?

बहुतेक लोक तट बघून परत फिरतात आणि इथली सर्वांत मोठी गंमत त्यांच्या हातून निसटते. ईशान्येच्या दरवाज्यातून बाहेर पडून साधारण दोनशे मीटर चढून जा. डोंगरउतारावर अचानक एक सपाट मैदान लागतं. हे कवायतीचं मैदान. एका बाजूने उतार खोदून, दुसऱ्या बाजूला भर घालून, हाताने केलेलं. तीनेक एकरांच्या किल्ल्यासाठी डोंगर कापून मैदान! रोमन सैन्य म्हणजे काय हे मला सदरेच्या जोत्यापेक्षा या मोकळ्या गवतावर जास्त कळलं.

तिकीटघर नाही, स्वच्छतागृह नाही, चहा नाही. माहितीफलक थोडेच. गाडी लावायला रस्त्याकडेला मोजकीच जागा. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. आणि पाऊस: इथून जवळच, बॉरोडेलमधल्या सीथवेटला वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर पडतो. महाबळेश्वरच्या मानाने कमी. पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो, हा बारा महिने चालू. ढग उतरले तर हार्डनॉटवर दहा फुटांपलीकडचं दिसत नाही आणि सगळा घाट वाया जातो. हाउसस्टेड्सला निदान दगड तरी जवळून बघता येतात.

हाउसस्टेड्स: दगड बोलतात ते इथे

हेड्रियनची भिंत इ.स. १२२ मध्ये सुरू झाली. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत ११७ किलोमीटर. मधल्या भागात ती काळ्या खडकाच्या कड्यावरून जाते, आणि त्याच कड्याच्या पाठीवर हाउसस्टेड्स आहे, रोमन नाव व्हेरकोव्हिसियम. पाच एकर, सुमारे आठशे सैनिक. पुढच्या काळात इथे आजच्या बेल्जियमकडची तुंग्रियन तुकडी होती.

पोचणं सोपं. न्यूकासलहून आगगाडीने हेक्सहॅम किंवा हॉल्टव्हिसल, तिथून हंगामात चालणारी एडी१२२ नंबरची बस. भिंतीचं साल बसच्या नंबरात घेतलंय. गाडीने आलात तर बी६३१८ रस्त्यावर वाहनतळ, तिथे स्वच्छतागृह आणि खाणं-पिणं, आणि मग पाऊण-एक किलोमीटरचा चढ. वाट चांगली आहे, पण गुडघे दुखणाऱ्यांनी दमाने घ्यावं. किल्ल्याला तिकीट आहे, वाहनतळाचे पैसे वेगळे. नॅशनल ट्रस्टचं सभासदत्व असेल तर प्रवेश फुकट.

आत गेलात की फरक लगेच जाणवतो. आग्नेय कोपऱ्यात सैनिकांचे शौचकूप आहेत, ब्रिटनमधले सर्वांत चांगले टिकलेले. खालून वाहणारी खोल नाली, पुढ्यात धुण्यासाठी दगडी पन्हळ, सगळं समजतं. मुलं बरोबर असतील तर दिवसभर हाच विषय. वर झरा किंवा विहीर नाही, म्हणून छपरावरचं पावसाचं पाणी दगडी टाक्यांत साठवत. इथे मात्र गडावर आल्यासारखं वाटतं. अंबारखान्यात जमीन उचलून धरणारे बुटके खांब रांगेने उभे आहेत: खालून वारा खेळावा, धान्य कोरडं राहावं, उंदीर लांब राहावेत. दवाखान्याच्या खोल्या चौकाभोवती. पूर्वेच्या दरवाज्यात उंबऱ्याच्या दगडावर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खाचा आहेत. तिथे बसून एकदा हात फिरवा.

उत्तरेच्या तटाजवळ एका जुन्या बुरुजाचा पाया दिसतो, किल्ल्याच्या आत, अगदी अवघडल्यासारखा. आधी इथे नुसती भिंत आणि पहाऱ्याचे बुरूज असा बेत होता. काम चालू असताना बेत बदलला, बुरूज पाडला आणि त्यावर किल्ला आला. सरकारी काम दोन हजार वर्षांपूर्वीही असंच चाले. तटाबाहेर दक्षिणेला वस्तीची जोती आहेत. त्यातल्या एका घराच्या जमिनीखाली दोन सांगाडे सापडले, एकाच्या बरगड्यांत सुरीचं टोक. उलगडा कधीच झाला नाही.

हाउसस्टेड्सचा तोटा म्हणजे तुम्ही तिथे एकटे नसता. उन्हाळ्यात शाळांच्या सहली, कुत्री, भिंतीच्या वाटेने चालणारे. एकांत हवा असेल तर पश्चिमेला निघा. किल्ल्याला लागून असलेल्या झाडीत भिंतीच्या माथ्यावरून चालायची परवानगी आहे. अख्ख्या भिंतीवर एवढ्याच तुकड्यात. पुढे तीनेक किलोमीटरवर सिकॅमोर गॅप ही खिंड लागते, जिथलं एकटं उभं प्रसिद्ध झाड सप्टेंबर २०२३ मध्ये रात्रीतून दोघांनी कापलं. झाड गेलं तरी हा टप्पा चुकवू नका.

आणखी एक पारडं हाउसस्टेड्सकडे झुकवतं: व्हिंडोलांडा हा आणखी एक रोमन किल्ला अगदी जवळ आहे. तिथे १९७३ पासून शाईने लिहिलेल्या लाकडी पट्ट्या सापडत आल्यात, भिंतीच्याही आधीच्या, इ.स. १०० च्या आगेमागे लिहिलेल्या. एकीत वाढदिवसाचं आमंत्रण, एकीत उधारीचा हिशेब. त्या हिशेबात गाम्बाक्स नावाच्या सैनिकाने दोन दिनारांची मिरी घेतल्याची नोंद आहे. रोमन जगात काळी मिरी यायची ती मलबारातून.

मग ठरवायचं कसं?

उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून आलेत आणि त्यांना काहीतरी ऐतिहासिक दाखवायचंय, तर हाउसस्टेड्स. लहान मुलं असतील तरी तेच. मित्रमंडळी आहात, राजमाची-हरिश्चंद्रगड पायाखालचे आहेत आणि माहितीफलकाविना तासभर भटकायला आवडतं, तर हार्डनॉट. फोटो काढायचे असतील तरी हार्डनॉट, फक्त हवामानाचा अंदाज आदल्या रात्री आणि सकाळी, दोनदा बघा.

दोन दिवस असतील तर दोन्ही करा. मधलं अंतर गाडीने दोन-अडीच तासांचं आहे. पण आधी हाउसस्टेड्स. सदर कुठे, अंबारखाना कसा ओळखायचा, दरवाज्याची कमान कुठून सुरू व्हायची, हे तिथे फलकांवर आणि संग्रहालयातल्या प्रतिकृतीवर नीट लावून ठेवलंय. ते डोक्यात ठेवून दुसऱ्या दिवशी हार्डनॉटला गेलात की गवतातली जोती तुमची तुम्हाला वाचता येतात. उलट क्रमाने गेलात तर हार्डनॉटवर नुसतेच दगड बघून याल.