खाऱ्या पाण्यातल्या ॲल्युमिनियमसाठी दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर

समुद्रात वापरलेली जुनी बोट घेतली, की खिडक्यांच्या चौकटी, हॅचच्या (डेकवरच्या झाकणाच्या) कडा आणि इंजिनाचा ब्रॅकेट अशा ॲल्युमिनियमच्या भागांवर रंगाला फोड आलेले हमखास दिसतात. फोड नखाने उकरला, तर खालून पांढरी पूड निघते, आणि ती झटकल्यावर धातूत बारीक, खोल खड्डे उघडे पडतात. असे भाग पुन्हा रंगवताना मी बोटींसाठी बनवलेला, दोन डब्यांत मिळणारा इपॉक्सी प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर) वापरला आणि तो मला मनापासून आवडला. मात्र त्याचे पैसे वसूल होतात ते फक्त स्वच्छ, उघड्या धातूवर.

ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि एरवी तोच धातूला सांभाळतो. मिठातील क्लोराइड या थराला जागोजागी भेदते. त्यातच स्टेनलेस स्टीलचा स्क्रू थेट ॲल्युमिनियममध्ये बसवलेला असेल, तर खाऱ्या पाण्यामुळे दोन धातूंमध्ये विद्युतप्रवाह सुरू होतो आणि झिजते ते ॲल्युमिनियमच. बहुतेक फोड स्क्रूच्या डोक्याभोवतीच का सुरू होतात, याचे उत्तर इथे आहे. रंगाच्या वरच्या थराला हे थोपवता येत नाही. पाणी आणि मीठ धातूपर्यंत पोहोचू न देण्याचे काम प्रायमरलाच करावे लागते.

म्हणून तयारीत कसर ठेवू नये. स्क्रू आणि जोडणीचे भाग आधी काढावेत, गोड्या पाण्याने मीठ धुऊन टाकावे, भाग पूर्ण वाळू द्यावा आणि घासण्यापूर्वीच तेलकटपणा सॉल्व्हंटने पुसून काढावा, नाहीतर ग्रीस पॉलिश पेपरबरोबर ओरखड्यांत जाऊन बसते. त्यानंतर ८० ते १२० नंबरच्या पेपरने, खड्ड्यांच्या तळापर्यंत, पांढरेपणाचा ठिपकाही उरणार नाही असे घासावे. लोखंडी तारेचा ब्रश मुळीच वापरू नये. त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि झीज नव्याने सुरू होते. धारदार कडांवर कोणताही रंग पातळच बसतो, त्यामुळे त्या कानशीने किंचित गोल कराव्यात आणि तिथे ब्रशने एक जादा हात द्यावा. घासलेल्या धातूवर ऑक्साइड लगेच पुन्हा धरू लागतो, म्हणून प्रायमरचा पहिला हात त्याच दिवशी, शक्यतो काही तासांतच, बसला पाहिजे.

प्रायमर आणि त्याला कडक करणारा दुसऱ्या डब्यातला हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मोजून मिसळावे लागतात. अंदाजाने ओतलेले मिश्रण कधीच नीट कडक होत नाही. ब्रशने प्रायमर छान पसरतो, खड्ड्यांच्या कडा व्यवस्थित धरतो आणि वाळल्यावर नखाने ओरखडत नाही. उथळ खड्डे त्यावर इपॉक्सी पुट्टी भरून सपाट करता येतात. एका डब्यातील स्प्रे प्रायमर हाताळायला कितीतरी सोपा आहे आणि अडचणीच्या कोपऱ्यांत उपयोगीही पडतो, पण त्याचा थर पातळ असतो. सतत खाऱ्या पाण्याचे शिंतोडे झेलणाऱ्या भागावर केवळ त्याच्या भरवशावर राहू नये.

उणिवाही आहेत. मिसळलेला प्रायमर ठरावीक वेळातच संपवावा लागतो आणि उष्णतेत तो वेळ आणखी आटतो. पुढचा हात देण्याची मुदत टळली, तर पृष्ठभाग पुन्हा घासावा लागतो. दमट हवेत, धातूवर दव धरण्याची शक्यता असताना तर त्याला हात लावू नये. इपॉक्सी उन्हात पिठूळ होतो, म्हणून त्यावर पॉलियुरेथेन रंगाचा वरचा हात हवाच. दोन डब्यांच्या पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, त्यामुळे तो फवारताना साधा कापडी मास्क चालत नाही.

रंग पूर्ण कडक झाल्यावर स्क्रू परत बसवताना त्यांच्या आट्यांना धातू अलग ठेवणारी पेस्ट लावावी आणि डोक्याखाली प्लॅस्टिकचा वॉशर घालावा. पाण्याखाली राहणाऱ्या ॲल्युमिनियमवर तांब्याचा अँटिफाउलिंग रंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा) टाळून ॲल्युमिनियमला चालणाराच रंग निवडावा.