दिवाळी ते श्रावण: रॉकेट चुलीचा वापरानंतरचा अनुभव

आधीच सांगून टाकतो. चूल चांगली आहे, पण ती नुसती विकत आणून जळण वाचत नाही. जळण वाचतं ते कोयत्याने. लाकूड बारीक फोडायची, वाळवायची आणि एका वेळी दोन-तीनच काटक्या आत सारायची तयारी असेल, तर जुन्या मातीच्या चुलीपेक्षा निम्म्याहून कमी लाकडात तेवढंच काम होतं. अख्खा ओंडका चुलीत सारून गोठ्यात निघून जायची सवय असेल, तर पैसे पाण्यात.

आमच्याकडे आहे ती बिनपंख्याची (आत हवा फुंकणारा विजेचा पंखा नसलेली), पत्र्याची, उचलून हलवता येणारी चूल. घर रत्नागिरीकडचं, माणसं पाच, गॅसही आहे. चूल मागच्या पडवीत चालते: सकाळी अंघोळीचं पाणी, मग भात-डाळ, आणि शिमग्याला पाहुणे आले की मोठा टोप.

आतली रचना साधी आहे. काटकोनात वळलेली नळी, तिच्या आडव्या तोंडातून लाकूड आत जातं, उभ्या भागातून ज्वाळा वर भांड्याला लागते. नळीभोवती उष्णता अडवणारा थर आणि बाहेर पत्रा. आतला भाग लवकर तापतो, तापला की हवा जोरात ओढतो, आणि लाकडातून निघणारा धूर भांड्यापर्यंत पोचण्याआधी नळीतच पेटतो. सगळी करामत एवढीच. धूर म्हणजे न जळलेलं जळण. तो डोळ्यांत जाण्याऐवजी भांड्याखाली जळला की लाकूडही वाचतं. हा आराखडा अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये, अप्रोवेचो संशोधन केंद्रात लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात मांडला. आपल्याकडे मिळणाऱ्या बिनपंख्याच्या पत्र्याच्या चुलींपैकी बऱ्याच याच बेताच्या आहेत.

तोंडात मध्यभागी एक आडवी पट्टी असते. लाकूड तिच्या वर आणि खालची जागा हवेसाठी मोकळी, हा नियम. बहुतेक घरांत चूल धुरकटते ती इथेच: लाकूड जास्त मावावं म्हणून पट्टी काढून ठेवतात, किंवा खालच्या फटीतही काटक्या कोंबतात. मग हवा लाकडावरून जाते, निखाऱ्यांखालून जात नाही, आणि ज्वाळा पिवळी, लांबट, काजळी सोडणारी होते. पट्टी वाकली तरी तेच. आमची पट्टी मेच्या सुमारास मधोमध खाली बसली. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ८ मिमी सळईचे तुकडे १० ते १२ मिमी अंतरावर जोडून घेतले. मूळच्या पातळ पट्टीपेक्षा ते जास्त टिकताहेत आणि राखही सळयांमधून खाली गळते.

आता जळण. इथे थोडं विस्ताराने लिहितो, कारण चुलीबद्दलच्या निम्म्या तक्रारी खरं तर लाकडाबद्दलच्या असतात.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं. ते पाणी उडवायला किलोमागे ५४० किलोकॅलरी नुसत्या वाफेवर खर्च होतात, आणि शिवाय नळी थंड राहते, म्हणून धूर पेटत नाही. लाकडात १५ ते २० टक्के ओल उरली की ही चूल खरी चालते. ओळखायचं कसं? दोन फोडी एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यावा, ठस्स नव्हे. टोकांना तडे दिसावेत, साल सहज सुटावी. जळताना मागच्या टोकाला फेस आला तर ते लाकूड परत माळ्यावर. खात्रीच करायची तर एका फोडीवर खूण करा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की वाळलं समजा. मनगटाएवढं गोल लाकूड महिनोन्महिने आतून ओलं राहतं. तेच चार फाकांत फोडून उन्हात टाकलं तर एका उन्हाळ्यात तयार होतं. म्हणून फोडायचं ते ओलं असतानाच. वाळल्यावर बाभूळ किंवा चिंच फोडायला गेलात तर कोयत्याची धार जाते.

माप: लांबी हातभराहून कमी, साधारण २५ ते ३० सेंमी, जाडी अंगठ्यापासून दोन बोटांपर्यंत. याहून लांब काटकी बाहेरच्या वजनाने उलटते आणि पेटलेलं टोक वर उचललं जातं.

सुरूचं लाकूड मिळालं तर सोनं. चिंच आणि बाभूळही उत्तम, फक्त फोडणं जिवावर येतं. सुबाभूळ लवकर वाळते, रोजच्या वापराला तीच बरी. आंबा मध्यम, नीट वाळला नसेल तर फार धुमसतो. शेवगा, पांगारा, सावर ही भारा दिसायला मोठी पण भुर्रकन जळून जाणारी लाकडं, पेटवणापुरती ठेवावीत. करवंटी भयंकर तापते पण तेलकट काजळी धरते, एका वेळी एखादाच तुकडा. काजूच्या बियांची टरफलं मात्र घरच्या चुलीत अजिबात नकोत, त्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. वेळू जाळू नये असं जुनी माणसं सांगतात. ज्यांना जाळायचाच आहे त्यांनी उभा चिरून घ्यावा, नाहीतर पेरातली कोंडलेली हवा फटाक्यासारखी फुटते. देशावर पऱ्हाट्या आणि तुराट्या आयत्याच बारीक मिळतात, या चुलीला त्या फार छान. भराभर जळत असल्याने माणसाला समोरून हलता येत नाही, एवढंच. गोवऱ्या या चुलीत घालू नका. राख इतकी होते की लाकडाखालची जाळी बुजते आणि हवाच बंद पडते.

पेटवायची रीत. नारळाची किशी किंवा झावळीची सुकी पाती मुठीत चुरगळून नळीच्या वळणावर, म्हणजे उभ्या भागाच्या बरोबर खाली ठेवायची. तोंडाशी नव्हे. तोंडाशी पेटवलं तर ज्वाळा बाहेर येते आणि नळी तापतच नाही. त्यावर पेन्सिलीएवढ्या पाच-सहा काड्या. रॉकेल नको, प्लास्टिकची पिशवी तर नकोच नको. दोन-तीन मिनिटं भांडं न ठेवता ज्वाळा वर उभी राहू द्या. थंड भांडं लगेच ठेवलं की ज्वाळा विझत विझत त्याच्या बुडाला काळं फासते. नळीतून हलका घुमल्यासारखा आवाज यायला लागला की भांडं ठेवा आणि मोठ्या काटक्या लावा. दोन ते चार, शेजारी शेजारी, मध्ये फट ठेवून. जळतं ते फक्त टोक. जसं जळेल तसं दर तीन-चार मिनिटांनी बोटभर पुढे सारायचं. फुंकणी लागत नाही. लागली तर कुठेतरी हवा अडली आहे: जाळी बुजलीय, लाकूड खच्चून भरलंय किंवा भांडं नळीच्या वरच्या तोंडावर चपखल बसलंय. नळीचं वरचं तोंड आणि भांड्याचं बूड यांत दीड सेंटिमीटर तरी वाट हवी. भांडं टेकवायच्या खुरांवर काजळीचे थर चढले की ही वाट कमी होते आणि ज्वाळा लाकडाच्या तोंडातून बाहेर डोकावते.

बुडाची काजळी बघून रोगनिदान होतं. मऊ, पुसली जाणारी काजळी म्हणजे हवा कमी. चकचकीत, चिकट, तपकिरी काळा थर म्हणजे लाकूड ओलं. बाहेरून राखेचा पातळ लेप देऊन भांडं चढवलं तर दोन्ही सहज निघतात.

भांड्याभोवती पत्र्याचं कडं लावा, हा सगळ्यात स्वस्त फायदा. गरम वारा बुडावरून निसटून जाण्याऐवजी भांड्याच्या कडेने वर चढतो. २४ सेंमी व्यासाचं पातेलं असेल तर चहूबाजूंनी १ सेंमी फट धरून कड्याचा व्यास २६, घेर सुमारे ८२ सेंमी, जोडाला ३ धरून ८५ सेंमी लांबीची आणि १० ते १२ सेंमी रुंदीची पट्टी. पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा उभा चिरून उलगडला की एवढी लांबी आरामात निघते. कडा दुमडून घ्या, हात कापतो. फट सेंटिमीटरहून फार कमी केली तर धुराला वाट राहत नाही आणि तो खालून येतो.

अंघोळीच्या पाण्याचं गणित असं. २० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायचं म्हणजे ७०० किलोकॅलरी. विसण घालून यात तिघांच्या अंघोळी होतात. वाळलेल्या लाकडाच्या किलोत साधारण ३,६०० किलोकॅलरी. मातीच्या उघड्या चुलीत त्यातली १२ टक्क्यांच्या आसपास भांड्यात जाते असं धरलं तर लाकूड लागतं १.६ किलो, २८ टक्के गेली तर ७०० ग्रॅम. आमच्याकडे वाळलेल्या लाकडावर कडं लावून आकडा ७०० ते ८०० ग्रॅमवर येतो, पावसात किलोवर जातो.

पण वीस लिटरचा हंडा थेट या चुलीवर चढवू नका. खूर अरुंद आणि चूल हलकी, ढवळताना किंवा पाणी काढताना कलते. आम्ही तीन बाजूंनी जांभ्याचे चिरे लावले आहेत; हंड्याचं वजन चिऱ्यांवर, चूल नुसती खाली सरकवलेली, वर दीड-दोन सेंटिमीटर फट. पिठलं घोटायलाही हीच सोय उपयोगी पडते.

भाकरीत मात्र ही चूल मार खाते. ज्वाळा मधल्या टीचभर गोलात एकवटलेली असल्याने पातळ लोखंडी तवा मध्ये लाल आणि कडेला थंड राहतो. भाकरी मध्ये करपते, कड कच्ची. बिडाचा जाड तवा घेतला, तो आधी चांगला तापवला आणि मग एकच काटकी आत ठेवली, तर तव्यावरचं काम निभतं. घावण्यांना, आंबोळीला तर बिडाचा तवा झकासच. खरी अडचण पुढची: भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना टेकवून फुगवायची, त्याला इथे ना जागा, ना निखारे. निखारेही आतच जळून जातात. थेट ज्वाळेवर जाळी धरून भाजली तर काजळीचा वास लागतो. तेव्हा भाकरीसाठी मातीची चूल मोडू नका. दोन्ही ठेवा. हे विक्रेता सांगणार नाही.

कुकरला सांभाळून. आच झटकन कमी होत नाही, नळी तापलेली असते. शेवटच्या शिट्टीच्या मिनिटभर आधीच काटक्या मागे ओढा. ओढलेली काटकी राखेत खुपसून विझवा. पाणी मारलं तर उद्या तीच धूर करेल.

‘निर्धूर’ या शब्दावर जास्त विश्वास ठेवू नका. पेटवताना आणि शेवटी काटक्या धुमसताना धूर होतोच. आणि डोळ्यांना धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, विशेषतः नुसते निखारे उरले असताना. भारतीय मानक आयएस १३१५२ (भाग १, २०१३) बिनपंख्याच्या चुलीला किमान २५ टक्के कार्यक्षमता मागतं, आणि भांड्याला मिळालेल्या प्रत्येक मेगाज्यूल उष्णतेमागे ५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि ३५० मिलिग्रॅम धूलिकण चालवून घेतं. पंख्याच्या चुलीला हेच आकडे ३५ टक्के, ५ ग्रॅम आणि १५० मिलिग्रॅम. म्हणजे मानकात बसणारी चूलसुद्धा बंद खोलीत चालवायची वस्तू नव्हे. पडवी, किंवा समोरासमोर दोन झरोके असलेलं स्वयंपाकघर. मग पंख्याचीच का घेतली नाही? तिला एकसारख्या बारीक ढलप्या लागतात, बॅटरी चार्ज करावी लागते, आणि वरून भरून पेटवायच्या प्रकारात मध्येच लाकूड घातलं की धूर होतो. ठरलेल्या वेळात होणाऱ्या भात-डाळीला ती सरस आहे. आमच्यासारख्या लांबणाऱ्या कामाला नाही.

धूर गेल्याचा एक तोटा कोकणात जाणवतो. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेलं बियाणं, वाल, सुकी मासळी जुन्या चुलीच्या धुरा-उबेने पावसात टिकायची. आता आषाढात बुरशी धरली. हवाबंद डबे किंवा आठवड्यातून एकदा जुनी चूल, याला तिसरा उपाय नाही. आगोटीला भरलेलं सरपणही भिंतीपासून वीतभर लांब, खाली फळ्या घालून, फक्त वरून झाकून रचा. चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आत घाम सुटतो.

पावसाळ्यात चुलीचा खरा शत्रू राख. ती क्षारयुक्त, हवेतली ओल धरते, आणि रात्रभर आत राहिली की पत्रा गंजतो. रोज संध्याकाळी चूल थंड झाल्यावर राख झाडून लोखंडी बादलीत. तिच्यात लपलेला विस्तव दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो, म्हणून प्लास्टिकचं टोपलं नको. नैऋत्येच्या वाऱ्याकडे चुलीचं तोंड करू नका, लाकूड हुंदडत जळतं आणि काम तेवढंच होतं.

आतल्या नळीला आता पापुद्रे सुटू लागले आहेत. हे होणारच, सगळ्यात जास्त ताप तिथेच. म्हणून दुकानात चूल उलटी करून बघा: नळी बोल्टने सुटते की रिव्हेट मारून कायमची बसवली आहे. बोल्टची असेल तर सुटी नळी किती रुपयांना आणि कुठे मिळेल, हे पैसे देण्याआधी विचारून बिलावर लिहून घ्या.