साताऱ्यातील चेनसॉ दुरुस्ती : स्क्रूआधी कारण शोधणारे दुकान

साताऱ्यात पोवई नाक्याच्या परिसरात शेतीयंत्रे दुरुस्त करणारे एक लहान दुकान आहे आणि ज्यांच्या चेनसॉचा (लाकूड कापणाऱ्या यंत्रकरवतीचा) कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल व हवा मिसळणारा भाग, सतत त्रास देतो त्यांनी तेथे अवश्य जावे, असे माझे ठाम मत आहे. आमची चेनसॉ थंड असताना सुरळीत सुरू होई. गरम झाली की मात्र रेस देताना अडखळे, सायलेन्सरमधून काळा धूर येई आणि प्लग उघडला तर तो ओला व काजळीने माखलेला निघे. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात असल्याची ही लक्षणे आहेत. आधी दुसऱ्या एका ठिकाणी एच (जास्त वेगाचा) आणि एल (कमी वेगाचा) हे पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे दोन्ही स्क्रू आत फिरवून, म्हणजे पेट्रोल कमी करून, मिळाले होते. त्यामुळे धूर तेवढ्यापुरता थांबला, दोष तसाच राहिला.

येथील मिस्त्रींनी स्क्रूला हात लावण्यापूर्वी एअर फिल्टर धुतला, चोकची पट्टी पूर्ण उघडते की नाही हे पाहिले आणि लिटरभर पेट्रोलला २० मिलि ऑइल टाकतो ना, हेही विचारून घेतले, कारण ऑइल जास्त झाले तरी धूर येतो. तो निळसर असतो. त्यानंतर पेट्रोलच्या नळीला पंप लावून दाब दिला. दाबाचा काटा हळूहळू खाली आला, तेव्हा कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी सुई आपल्या जागी नीट बसत नाही हे उघड झाले. सुईच्या टोकाशी बारीक कचरा अडकला होता आणि सुई उचलणारी पट्टीही ठरलेल्या उंचीपेक्षा वर होती. अशा स्थितीत स्क्रू कितीही आवळले तरी जादा पेट्रोल आत जातच राहते.

सुई व डायफ्राम (ती पट्टी हलवणारा लवचीक पडदा) बदलल्यावर दोन्ही स्क्रू आमच्या मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणे एकेक फेरा उघडून त्यांनी इंजिन गरम केले आणि मगच बारीक जुळवणी केली. मोकळ्या रेसला आवाज किंचित घोगरा राहावा आणि लाकडात पाते शिरताच तो स्वच्छ व्हावा, इतपतच एच ठेवला. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळते, त्यामुळे मिश्रण फार पातळ, म्हणजे पेट्रोल फार कमी, केले की पिस्टन जाम होण्याची भीती असते.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो त्यांचा प्रश्न : यंत्र कुठे चालवणार? सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात हवा विरळ असल्याने साताऱ्यात अचूक बसवलेले मिश्रणही तेथे रिच, म्हणजे जादा पेट्रोलचे, होते. तेथे एच थोडा आत घ्यावा आणि खाली उतरल्यावर न विसरता पूर्ववत करावा, हे त्यांनी स्वतः फिरवून दाखवले.

पावसाळ्याच्या तोंडावर येथे गर्दी फार असते, सुट्या भागांसाठी थांबावे लागते आणि स्क्रूची जुळवणी बिलावर लिहून मिळत नाही. ती मिळायला हवी. यंत्र नेताना टाकीतील नेहमीचे मिश्र पेट्रोल काढून टाकू नये, कारण मिस्त्री तेही तपासतात.