नव्वद बाय पंचेचाळीसचा खाऱ्या पाण्याचा टँक, १४ महिन्यांनंतर

आधीच सांगतो, हा माझा समुद्री माशांचा दुसरा टँक. पहिला ६० लिटरचा होता, ६० सेमी लांबीचा, आणि तो घेताना डोक्यात एकच हिशोब होता की लहान आहे म्हणजे सोपा असेल, हात बसला की मोठा घेऊ. गोड्या पाण्यात ते चालून गेलं असतं पण खाऱ्या पाण्यात नेमकं उलटं असतं, हे कळायला मला चार दिवसांचा एक प्रवास पुरला.

झालं असं की वाफ होऊन रोज सव्वा लिटरभर पाणी उडायचं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. आणि ६० लिटर हा फक्त काचेचा आकडा, दगड वाळू घालून वर थोडी जागा सोडली की खरं पाणी ४८ लिटरच. चार दिवसांनी परत आलो, खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर लावला तर साध्या पाण्याच्या तुलनेतली घनता १.०२५ ची १.०२८ झालेली. मासे वाचले, पण कोळंबी गेली. त्यात घाबरून एकदम भरपूर साधं पाणी ओतलं, म्हणजे चुकीवर अजून एक चूक, ते हळूहळू दोनेक दिवसांत खाली आणायला हवं होतं.

म्हणून मग ९० बाय ४५ बाय ४५. सेंटीमीटरमध्ये गुणाकार करून १००० ने भागलं की लिटर येतात, इथे १८२. भरताना मी बादल्या मोजल्या, आत मावलं १३६ लिटर! बाकी सगळं काचेची जाडी, २० किलो लाईव्ह रॉक (जीवाणू वसलेले समुद्री दगड), चार सेमी वाळू आणि वरची मोकळी जागा यांनी खाल्लं. खाली सम्पमध्ये, म्हणजे जिथून पंप पाणी परत वर चढवतो त्या दुसऱ्या टाकीत, साधारण ४० लिटर आहे, म्हणून एकूण पावणेदोनशेच्या आसपास. दुकानातला आकडा बघून औषधाचा डोस काढणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्या.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. मोठ्या टँकमध्ये पाणी कमी उडतं असं नाही, उलट जास्त उडतं, कारण वरचा पृष्ठभाग मोठा. माझ्याकडे रोज तीन लिटर जातं. फक्त १७५ मधून तीन म्हणजे पावणेदोन टक्के, आणि ४८ मधून सव्वा म्हणजे अडीच टक्क्यांच्या वर. फरक आहे, पण लोक सांगतात तेवढी जादू नाही. आपोआप पाणी भरणारं यंत्र लावलं तेव्हाच खरी झोप लागायला लागली, आणि त्याची आरओ पाण्याची टाकी मोठीच घ्या, माझी पहिली तीन दिवसांत रिकामी व्हायची.

लांबी रुंदीबद्दल. तेवढ्याच लिटरचा उभा टँक मिळत होता, ६० सेमी लांब आणि ६८ उंच, दिसायला भारी आणि जागाही कमी खातो. बरं झालं नाही घेतला. खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळात गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो आणि तो आत येतो वरच्या पृष्ठभागातून, उभ्या टँकला तोच कमी. मासे आडवे पोहतात. आणि तळातला एखादा दगड घसरला तर ६८ सेमीत हात घालून बघा, आमच्या ४५ मध्येच बाही कोपराच्या वर भिजते.

रुंदी ४५ घेतली हा मात्र माझा सगळ्यात चांगला निर्णय. जुन्या ३० सेमीत दगड काचेला टेकायचे, मागे कचरा साचायचा, काच घासायला चुंबक पण जायचा नाही. आता चारही बाजूंनी पाणी फिरतं.

मासे किती? दोन क्लाऊनफिश, एक रॉयल ग्रामा, एक वॉचमन गोबी आणि तो जिच्या बिळात राहतो ती पिस्टल कोळंबी. बस. एक फायरफिश पण होता, तो जाळी बसवायच्या आधीच उडी मारून गेला, ती चूक माझीच. ब्लू टँगचं पिल्लू मला आग्रहाने देत होते, 'लहान आहे हो, राहील की.' तो मासा ३० सेमीपर्यंत वाढतो, दिवसभर भटकणारा, त्याला ९० सेमी म्हणजे खोलीत येरझाऱ्या. टँक ठरवताना पिल्लाकडे बघायचंच नाही, पूर्ण वाढलेला मासा किती होतो ते विचारायचं.

मग अजून मोठा, १२० चा का नाही घेतला? पाठ. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलतो, म्हणजे दोन बादल्या आणि साधारण साडेसहाशे ग्रॅम मीठ, आदल्या रात्री कालवून ठेवायचं. दोन बादल्या मी कंटाळा आला तरी उचलतो, तीनचार असत्या तर मी मला ओळखतो, पुढच्या रविवारवर ढकललं असतं. शिवाय वजन. पाणी, काच, दगड, वाळू आणि स्टँड धरून हाच सगळा संसार ३०० किलोच्या घरात जातो. स्टँड पाणसळ लावून सपाट केला, एका कोपऱ्यात दोन मिमीचा फरक निघाला होता.

तक्रारी आहेतच. पहिल्याच आठवड्यात लाईट गेली, पंप बंद पडला आणि वरचं पाणी पाईपमधून सगळं खाली, सम्प ओसंडून फरशीवर खारं तळं. सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी ठेवायची असते, मी काठोकाठ भरला होता. काठावर मिठाचा पांढरा थर चढतो तो दर चार दिवसांनी पुसावा लागतो. आणि नवीन टँकचं सायकल होईपर्यंत, म्हणजे घाण पचवणारे जीवाणू वाढून विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला, पाच आठवडे नुसते दगड बघत बसलो, घरच्यांनी विचारलं मासे अदृश्य जातीचे आहेत का.

सध्या क्लाऊनफिशची जोडी डाव्या कोपऱ्यातल्या दगडावर अंडी घालते, दर पंधरवड्याला, आणि तेव्हा काच पुसायला हात घातला की मादी सरळ बोटाला चावते.