दोननळीच्या नळीतलं शिसं आणि प्लास्टिक काढायला आठ महिने ब्रश-सॉल्व्हंट वापरलं, त्याचा अनुभव

आमची बारा बोअरची दोननळी आप्पांच्या लायसन्सवरची, पीक राखायला घेतलेली, बेळगावजवळच्या खानापूरच्या पश्चिमेला ज्यांची जंगलाला लागून रताळी आणि भात आहे त्यांना वेगळं सांगायला नको. डुकरं कळपानं येतात, एका रात्रीत वाफे उकरून टाकतात, आणि मारायची परवानगी आमच्याकडं नाही म्हणून आम्ही माळ्यावरनं हवेत बार काढून हाकलतो. २०२४ च्या लोकसभेला आचारसंहिता लागली, मार्चमध्ये बंदूक जमा केली, पण त्या हंगामातले बार झाल्यावर नळी नीट पुसलीच नव्हती, ती चूक आमचीच. जूनमध्ये परत आणली, मोडून दोन्ही चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो भाग, रिकामे बघितले आणि मोबाईलचा टॉर्च लावून आत बघितलं तर दोन्ही नळ्यात लांबच्या लांब करडे पट्टे. आप्पा म्हणाले गंजली, संपली. मला पण तसंच वाटलं.

गंज नव्हता. गंज ठिपक्या ठिपक्यानं दिसतो, खड्ड्यासारखा, आणि हे तर नळीच्या लांबीनं ओढल्यागत पट्टे होते. पांढरी चिंधी घट्ट ओढली की तिच्यावर चंदेरी चुरा येत होता, तो शिशाचा. जुन्या फेल्टच्या वॅडच्या, म्हणजे छर्रे आणि बारूद यांच्यामधल्या चकतीच्या, काडतुसात छर्रे थेट नळीला घासत जातात, शिसं तिथं चिकटतं, आणि आता प्लास्टिकच्या वाटीची काडतुसं आली तर वाटी छर्र्यांना झाकते पण स्वतः घासली जाते, विशेष करून चेंबरच्या पुढं जिथं नळी निमुळती होते तिथं. आमच्याकडं दोन्ही जातीची काडतुसं वापरली गेलीत, म्हणजे खाली शिसं, वर प्लास्टिकचा पापुद्रा आणि त्याच्यावर बारूदाची काजळी. हे थर कळले नाहीत तोपर्यंत मी महिनाभर नुसता घासत होतो.

पहिल्यांदा रॉकेल. काजळी गेली, पट्टे तसेच. मग गाडीवाल्यांचा निळ्या डब्यातला स्प्रे मारला, त्यानं थोडं सैल झालं पण सुटलं नाही. कुणीतरी ॲसिटोन सांगितलं, ते पण आणलं, काही उपयोग नाही, कारण वाटी पॉलिथिनची असते आणि पॉलिथिन ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, उगाच दस्त्याच्या पॉलिशवर थेंब पडला तर तो भाग जातो. व्हिनेगर आणि पेरॉक्साईड मिसळून शिसं विरघळवायचं पण सांगणारे आहेत, ते करू नका म्हणून कळकळीनं सांगतो, शिसं त्या पाण्यात उतरतं आणि ते पाणी विषारी, शिवाय नळीचं ब्लूइंग, म्हणजे गंज न लागण्यासाठीचा निळसर काळा थर, खाऊन टाकतं. पॉलिश पेपर तर अजिबात घालू नका. नळी तापवू पण नका, दोन नळ्यांमधली पट्टी बहुतेक करून कथलाच्या डाखानं, म्हणजे सोल्डरनं, जोडलेली असते, ती सुटली तर बंदूक गेली.

जे चाललं ते असं. बेळगावातल्या बंदुकीच्या दुकानातनं हॉपीज नंबर नाईनची बाटली, फॉस्फर ब्रॉंझचा बारा बोअरचा ब्रश, आणि हार्डवेअरमधनं बारीकातली बारीक स्टील वूल, चार शून्यवाली. हे सॉल्व्हंट १९०३ पासनं बनतंय, पिकल्या केळ्यागत वास येतो, घरात लावलंत तर बायका ओरडणार, म्हणून व्हरांड्यात बसा. अडचण आली ती आट्याची. ब्रशचा आटा अमेरिकन पद्धतीचा, पाच सोळांश इंची सत्तावीसचा, आणि आप्पांचा जुना सागवानी गज वेगळ्या आट्याचा. उद्यमबागेत एका लेथवाल्याकडं पितळेचा जोड करून घेतला, दोन्ही बाजूला वेगळे आटे, त्यानं अर्ध्या तासात करून दिला. ऑनलाईन मागवलेल्या एका किटमधला तीन तुकड्यांचा ॲल्युमिनियमचा गज पहिल्याच आठवड्यात जोडापाशी वाकला, त्यापेक्षा हा कितीतरी बरा.

रात्री सॉल्व्हंटची ओली चिंधी चेंबरकडनं घालून नळी आतनं भिजवायची, नळ्या वेगळ्या काढून तोंड खाली करून वर्तमानपत्रावर उभ्या करून ठेवायच्या, म्हणजे तेल लाकडात जात नाही. सकाळी ब्रशला स्टील वूल गुंडाळून चेंबरकडनं पूर्ण आरपार काढायचा, मध्येच उलटा फिरवायचा नाही, तारा मोडतात. तीस-चाळीस वेळा. पहिल्या सकाळी काळा चिखल, दुसऱ्या सकाळी प्लास्टिकचे पातळ पापुद्रे, तिसऱ्या दिवशी शिशाचे तुकडे, नखाएवढे पण सुटले, आणि खाली नळी आरशागत, तेव्हा आप्पांना हाक मारून दाखवली, ते काही बोलले नाहीत, फक्त नळी उजेडाला धरून बराच वेळ बघत बसले. चेंबरपुढचा निमुळता भाग हातानं ऐकत नव्हता, तिथं त्या वाकलेल्या गजाचा ब्रशवाला तुकडा ड्रिलला लावून एकदम स्लो स्पीडवर थोडा थोडा फिरवला, पण ड्रिल चोककडं, म्हणजे नळीच्या तोंडाशी ती आवळलेली असते तिकडं, न्यायचं नाही. हातमोजे घाला, चिंध्या चुलीत टाकू नका, शिसं आहे त्यात.

आता आठ महिन्यांनंतर. ब्रश पाच महिन्यांत बारीक झाला, नळीत ढिला पडायला लागला, त्यात माझी एक चूक, सॉल्व्हंट लागलेला ब्रश तसाच डब्यात ठेवत होतो, तारा काळ्या पडल्या, आता रॉकेलात धुऊन वाळवतो आणि दुसरा ब्रश अजून टिकलाय. बाटली अर्धी शिल्लक आहे. पावसाळ्यात मात्र नुसतं साफ करून भागत नाही, आमच्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात कॅनव्हासच्या कव्हरमध्ये बंदूक ठेवली की ओल धरते, मी कव्हर काढून कपाटात उभी ठेवतो आणि दर दहा-बारा दिवसांनी तेलाची चिंधी फिरवतो. हंगामात बार काढला की त्याच रात्री ओली चिंधी आणि ब्रश चार वेळा, दहा मिनिटांचं काम, थर बसतच नाही.

डाव्या नळीत चोकच्या अलीकडं करंगळीच्या नखाएवढा एक डाग राहिलाय. चिंधी तिथं जराशी अडकते आणि कितीही भिजवलं तरी चंदेरी चुरा येत नाही, म्हणजे तो शिशाचा नाही, तो खरा गंजाचा खड्डा आहे, त्याच्यावर मी आता ब्रश मारत नाही, तेल लावून सोडून दिलाय.