स्वस्त ई-रीडर: जुनं किंडल, पाहुण्याने आणलेला कोबो की अँड्रॉइडवालं यंत्र? गोव्यातल्या मराठी वाचकासाठी तुलना

किमतीचं नंतर बघू. आधी एक कागद घ्या आणि येत्या वर्षभरात वाचायची आहेत ती मराठी पुस्तकं त्यावर लिहून काढा. प्रत्येकापुढे ते कुठून मिळणार हेही लिहा: अमेझॉनवरून विकत, बुकगंगावरून विकत, कुठल्या तरी संस्थेच्या संकेतस्थळावरची फुकट पीडीएफ, की पणजीत पाटोवरच्या ग्रंथालयातून. ई-पुस्तकं वाचायचं कुठलं यंत्र, म्हणजे ई-रीडर, घ्यायचं ते ही यादीच सांगेल. पडदा, बॅटरी, प्रकाश यांच्या तुलना ढिगाने सापडतात, पण त्या इंग्रजी वाचणाऱ्यासाठी केलेल्या असतात. त्याला हवं ते पुस्तक कुठल्याही यंत्रावर मिळतं. मराठी वाचकाचं तसं नाही, आणि पैसे वाया जातात ते इथेच.

यादीतली बहुतेक पुस्तकं पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मिळणारी असतील तर मी स्पष्ट सांगतो, ई-रीडर घेऊ नका. १८३२ सालापासून चालत आलेलं ग्रंथालय हाताशी असताना केवळ हौसेपोटी पाच-दहा हजार घालण्यात अर्थ नाही. पण तुम्ही पेडण्याला किंवा काणकोणला राहत असाल, पणजीची फेरी महिन्यातून एकदाच होत असेल, किंवा डोळ्यांमुळे मोठी अक्षरं लागत असतील, तर पुढे वाचा.

पुस्तकं येतात कुठून

अमेझॉनने २०१६च्या डिसेंबरात मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तकं किंडल या आपल्या ई-रीडरवर आणली. तेव्हापासून मराठी प्रकाशकांची बरीच पुस्तकं तिथे आली आहेत आणि किंडलवर ती नीट दिसतात. बुकगंगाकडेही मराठी ई-पुस्तकं भरपूर आहेत, मात्र ती त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात. किंडल किंवा कोबो कितीही मोकळं करून (म्हणजे कंपनीची बंधनं काढून बाहेरचं सॉफ्टवेअर चालेल असं करून) घेतलं तरी ती त्यावर जात नाहीत. कुलूप तोडून ती तिकडे नेण्याच्या फंदात मी पडत नाही, तुम्हीही पडू नका. मराठी ई-पुस्तकाचा खप आधीच बेताचा असतो. प्रकाशकाला चार पैसे मिळाले तरच तो पुढचं पुस्तक ई-स्वरूपात काढेल.

तिसरा साठा फुकटचा, आणि तो लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप मोठा आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुस्तकं पीडीएफ स्वरूपात खुली केली आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तकं विनामूल्य देतं. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी ग्रंथांची स्कॅन केलेली पानं आहेत. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे १९१९ साली गेलेल्या हरी नारायण आपट्यांसारख्यांचं लेखन कधीच सर्वांचं झालं आहे. जुन्या मराठीची गोडी असेल तर आयुष्यभर पुरेल एवढं वाचन इथे पडून आहे. फक्त ते जवळपास सगळं पीडीएफ आहे, आणि सहा इंची पडद्याला पीडीएफ झेपत नाही. म्हणून ई-रीडरमध्ये बदल करायचे.

जुनं पेपरव्हाइट

किंडलचं पेपरव्हाइट हे मॉडेल घेतलं तर नवं २०२५च्या एप्रिलमध्ये भारतात १६,९९९ रुपयांना आलं. ते स्वस्तात मोडत नाही. स्वस्त म्हणजे कुणीतरी कपाटात टाकून दिलेलं जुनं. त्यातही २०१५ किंवा २०१८चं पेपरव्हाइटच बघा. दोन्हींच्या पडद्यावर इंचाला ३०० ठिपके आहेत. २०१२ आणि २०१३च्या पेपरव्हाइटवर २१२ आहेत, तर साध्या किंडलवर २०१९च्या मॉडेलपर्यंत १६७च. इंग्रजी १६७वर चालून जातं. देवनागरीत रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचं पोट असतं. अक्षर लहान केलं की ‘राष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ काळा ठिपका होऊन बसतो. त्यामुळे प्रकाश नसलेलं, कमी ठिपक्यांचं किंडल फुकट मिळालं तरी मराठीसाठी मी ते सुचवणार नाही.

२०१८चं पेपरव्हाइट पाण्याला दाद देत नाही, आणि त्याचा पडदा कडेपर्यंत सपाट असल्याने वाळू साचायला खाच नाही. मिरामार किंवा मोरजीला किनाऱ्यावर बसून वाचणार असाल तर चार पैसे जास्त देऊन हेच घ्या. २०१५च्या पेपरव्हाइटचा पडदा चौकटीच्या आत दबलेला आहे आणि ते पाण्यापासून सुरक्षित नाही. मात्र मोकळं करायला ते सोपं आहे. त्याचं कारण पुढे येईल.

मोकळं कशासाठी करायचं? किंडलमध्ये तारेने टाकलेली ईपब (ई-पुस्तकांचं नेहमीचं स्वरूप) फाइल दिसतच नाही, ती आधी अमेझॉनच्या सेवेतून पाठवावी लागते किंवा संगणकावरच्या कॅलिबर या सॉफ्टवेअरने बदलून घ्यावी लागते. पीडीएफ उघडते, पण समास कापणं, पुसट छपाई गडद करणं यासाठी सोयी तुटपुंज्या आहेत. जेलब्रेक करून, म्हणजे अमेझॉनचं कुलूप काढून, केओरीडर हे मोफत सॉफ्टवेअर बसवलं की ईपब थेट वाचता येतं, आणि पीडीएफसाठी तर त्याच्या तोडीचं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

कोबो

कोबो आपल्याकडच्या दुकानांत सहज दिसत नाही, पण गोव्यात तो येण्याची एक वाट आहे. लिस्बन, लंडन इथे कुणी ना कुणी असतंच. पोर्तुगालमध्ये फ्नाकच्या दुकानांत कोबो मिळतो. सुट्टीवर येणाऱ्याला सांगितलं तर बॅगेच्या कोपऱ्यातून येतो. वॉरंटीची आशा मात्र सोडायची.

बदल करायचे तर कोबोसारखं सोयीचं यंत्र नाही. इथे कुठलंही कुलूप तोडावं लागत नाही. संगणकाला जोडा, ‘.kobo’ या लपलेल्या फोल्डरमध्ये मेनू वाढवणाऱ्या सॉफ्टवेअरची एक फाइल टाका, तार काढा. यंत्र आपणहून पुन्हा सुरू होतं आणि पडद्यावर नवा मेनू येतो. केओरीडरही असाच बसतो, आणि नको झालं तर काढताही येतं. फर्मवेअर (यंत्राचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत झालं की सगळं कायमचं बंद पडेल ही धास्ती किंडलइतकी नाही. २०१८च्या क्लारा एचडी या कोबोत तर सगळी प्रणाली आतल्या मायक्रोएसडी कार्डावर असते. मागचं झाकण अलगद उघडून त्या कार्डाची नक्कल काढून ठेवली की यंत्र बिघडलं तरी पूर्ववत करता येतं.

कोबोच्या मूळ सॉफ्टवेअरवर देवनागरीच्या बाबतीत मात्र माझा भरवसा नाही. केओरीडर बसवायचाच, हे धरूनच कोबो घ्या. आणि ‘टच’ किंवा ‘ग्लो’सारखी अगदी जुनी मॉडेल्स टाळा. त्यांना बोटाचा स्पर्श कळतो तो चौकटीतून जाणाऱ्या अदृश्य किरणांमुळे. वाळूचा एक कण कोपऱ्यात अडकला की पानं आपोआप उलटू लागतात.

अँड्रॉइडवालं

बूक्ससारख्या कंपन्यांच्या ई-रीडरवर अँड्रॉइड असतं, म्हणजे बुकगंगाचं ॲप, किंडलचं ॲप आणि केओरीडर तिन्ही एकाच यंत्रावर चालतात. जेलब्रेकचा प्रश्नच नाही. यादीत बुकगंगावरची पुस्तकं अर्ध्याहून जास्त असतील तर इतर पर्यायांकडे बघूच नका, हेच घ्या.

पण उणिवा समजून घ्या. जुन्या किंडलपेक्षा हे बरंच महाग पडतं. बॅटरी आठवडे चालत नाही, दिवसांवर येते. ॲप बनवलेली असतात मोबाइलच्या पडद्यासाठी. पान सरकताना ई-रीडरच्या ई-इंक पडद्यावर मागच्या पानाचा पुसट ठसा राहतो आणि राखाडी अक्षरं आणखी फिकी दिसतात. ॲपमधलं पान उलटण्याचं चलचित्र बंद करा आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये त्या ॲपपुरता गडदपणा वाढवा, म्हणजे खूप फरक पडतो. शिवाय यातली अनेक यंत्रं अँड्रॉइड ११वरच थांबलेली आहेत. ॲपवाल्यांनी त्या आवृत्तीची साथ सोडली की पंचाईत होणार.

अक्षर तपासायची सोपी खूण

कुठलंही यंत्र हातात आलं की मराठी फाइल उघडून ‘किनाऱ्यावर’ आणि ‘दुसऱ्या’ हे शब्द शोधा. ‘ऱ्य’मधला अर्धा र पापणीसारखा आडवा आला पाहिजे. त्याऐवजी य वर रफार दिसला, किंवा र, खालचा टिंब आणि हलन्त सुटेसुटे दिसले, तर फाँट तरी चुकीचा आहे किंवा सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणी येत नाही. केओरीडरला ती येते. फाँट म्हणून मला ‘टिरो देवनागरी मराठी’ आवडतो, कारण त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा ल वाचायला अडचण नसते, पण तीनशे पानं वाचताना डोळ्यांना तो सतत परका वाटत राहतो. फाँटची फाइल केओरीडरच्या ‘fonts’ फोल्डरमध्ये टाकली की काम झालं.

शब्दकोशही जोडता येतो, स्टारडिक्ट स्वरूपातले मराठी कोश उपलब्ध आहेत. मात्र ‘पावसाळ्यात’वर बोट ठेवलं तर कोशाला तो शब्द सापडत नाही. प्रत्यय काढून ‘पावसाळा’ असं हाताने लिहावं लागतं.

पीडीएफ

इथे थोडं थांबायला हवं, कारण लोक हमखास म्हणतात, पीडीएफचं ईपब करून टाकू. आधी हे करून बघा: संगणकावर ती पीडीएफ उघडा, एक ओळ निवडा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच उमटलं तर रूपांतर जमण्याची आशा आहे, तरी ऱ्हस्व वेलांट्या भलत्या जागी गेल्यात का ते बघा. रोमन अक्षरांचा काला उमटला तर नाद सोडा. युनिकोड रुळण्यापूर्वी आणि नंतरही कितीतरी काळ मराठी पुस्तकं श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये जुळवली गेली. त्यांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, संगणकाला रोमनच. आणि स्कॅन केलेल्या पुस्तकात तर मजकूर नसतोच, नुसती चित्रं असतात.

अशी फाइल चित्र म्हणूनच वाचायची. मराठी पुस्तकांचा नेहमीचा डेमी आकार साडेपाच बाय साडेआठ इंच, आणि सहा इंची पडद्याची रुंदी साधारण ३.६ इंच. पान आहे तसं मावलं तर अक्षर फार बारीक होतं. पण समास कापले की मजकुराची रुंदी चार इंचांच्या आसपास उरते. म्हणजे केओरीडरमध्ये समास आपोआप कापायला सांगून पान रुंदीला बसवलं, की अक्षर जवळजवळ छापील आकाराचं दिसतं आणि एक पान दोन भागांत वाचून होतं. जुनी पिवळी पानं असतील तर गडदपणाही वाढवा. ए-फोर आकाराचे सरकारी अहवाल किंवा गॅझेटियर वाचायचे असतील तर यंत्र आडवं धरा, आणि तसलंच वाचन जास्त असेल तर सहा इंची घेऊच नका.

जेलब्रेक

विंटरब्रेक ही पद्धत जानेवारी २०२५मध्ये आली. ती ५.१८.० पर्यंतच्या फर्मवेअरवर चालते, ५.१८.१ मध्ये अमेझॉनने ती वाट बुजवली. त्यानंतर नव्या आवृत्त्यांसाठीही वाटा निघाल्या आहेत, पण प्रत्येक पद्धत ठरावीक आवृत्त्यांपुरतीच असते. २०१५चं पेपरव्हाइट ५.१६वरच थांबलं, म्हणून ते कुठल्याही अवस्थेत मिळालं तरी या पद्धतीच्या आवाक्यात असतं. २०१८च्या बाबतीत आवृत्ती बघूनच व्यवहार करा.

यात एक पेच आहे. फेब्रुवारी २०२५च्या अखेरीस अमेझॉनने विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून तारेने किंडलमध्ये टाकण्याची सोय बंद केली. आता विकतच्या पुस्तकासाठी किंडलचं वाय-फाय सुरू करावंच लागतं, आणि वाय-फाय सुरू झालं की नवं फर्मवेअर येऊ शकतं. म्हणून जेलब्रेकनंतर अद्ययावत होणं रोखण्याची पायरी गाळू नका. यादीत सगळीच पुस्तकं अमेझॉनची असतील तर जेलब्रेकची गरजच नाही. जुनं किंडल आहे तसं वापरा.

आपल्या हवेत

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुलैत कागदी पुस्तकांना बुरशी धरते तेव्हा ई-रीडरचं मोल कळतं, आणि वीज गेली तरी आतला प्रकाश चालतो. पण खारी, दमट हवा चार्जिंगच्या खाचेला खाते. २०१५ व २०१८चं पेपरव्हाइट आणि क्लारा एचडी तिन्हींना जुनी मायक्रो-यूएसबी आहे. ओल्या हाताने किंवा पावसातून आल्याआल्या चार्जिंगला लावू नका. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा. बॅटरी बदलून मिळू शकते. पडदा आतून तडकला तर मात्र दुरुस्तीचा खर्च जुन्या यंत्राच्या किमतीवर जातो, म्हणून कडक कव्हर पहिल्याच दिवशी घ्या.

जुनं घेताना

फोटो बघून आगाऊ पैसे पाठवू नका. म्हापशाला किंवा पणजीच्या कदंब स्थानकाजवळ भेटा, उजेडात. मागची बाजू फुगली आहे का बघा, फुगलेली बॅटरी असेल तर तिथेच नकार द्या. तार घालून हलवून बघा, चार्जिंग तुटतं का. प्रकाश पूर्ण वाढवून पडदा ओंजळीच्या सावलीत धरला की डाग आणि ओरखडे दिसतात. भराभर पानं उलटा, उभी किंवा आडवी रेघ तशीच राहिली तर पडदा गेलेला आहे.

किंडल असेल तर सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खातं. आधी सेटिंगमध्ये फर्मवेअरचा आकडा वाचून घ्या. मग विकणाऱ्याला त्याचं खातं तुमच्यासमोर काढायला लावा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तुमचं खातं जोडून बघा. हरवलेलं किंवा चोरीचं म्हणून नोंदवलेलं किंडल नव्या खात्याला जोडलं जात नाही, आणि खातं नसेल तर विंटरब्रेकही चालत नाही. खातं जोडलं गेलं की लगेच विमान मोड लावा आणि मगच पैसे द्या, नाहीतर घरी पोचेपर्यंत ते नवं फर्मवेअर घेऊन बसलेलं असेल.