कॅराव्हॅनची स्टेपनी: शोधाला दोन महिने, वापराला आठ

गेल्या नोव्हेंबरात आम्ही मागं जोडून ओढायची कॅराव्हॅन घेतली. वापरलेली. दोन बाकं, एक शेगडी, रात्री बाकं जोडली की पलंग. सामानासकट ९०० किलो भरते, बोलेरो निवांत ओढते. विकणाऱ्यानं पडदे दिले, गाद्या दिल्या, खिडकीतला छोटा गणपतीसुद्धा राहू दिला. स्टेपनी तेवढी नव्हती. विचारलं तर म्हणाला, "कुठल्या पण गाडीची पाच भोकांची डिस्क बसती की ओ."

या एका वाक्यात माझे दोन महिने गेले.

आमच्या कॅराव्हॅनचा एक्सल युरोपियन बनावटीचा आहे. डिस्क, म्हणजे ज्यावर टायर चढतो ते चाक, १४ इंची, लोखंडी. पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांचं जे वर्तुळ होतं त्याचा व्यास, ११२ मिलिमीटर. मधलं बोअर, म्हणजे एक्सलच्या हबवर बसणारं मधलं भोक, ६६.६. ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी बाजू चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून किती बाहेर आहे ते, ३०. हे सगळं मला आता झोपेत विचारलं तरी सांगता येतं. तेव्हा मी फक्त भोकं मोजली होती.

पहिला फेरा हायवेच्या कडेला जुन्या टायर-डिस्कवाल्याकडं झाला. त्यानं ढिगातून एक क्रेटाची डिस्क ओढून काढली. पाच भोकं, मधलं बोअर ६७.१, हबवर अगदी अलगद बसली. मी खूश. दोन बोल्ट हातानं फिरले, तिसरा अडला. तो म्हणाला, पाना लावा, ओढून घेतो. नशीब, तेव्हा पाना गाडीत नव्हता. क्रेटाची पीसीडी ११४.३. आमच्यापेक्षा २.३ मिलिमीटर जास्त. टेपनं हे कळत नाही, कारण शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मोजलं तर एकीकडं ६५.८ येतं, दुसरीकडं ६७.२. दीड मिलिमीटरसुद्धा फरक नाही. बारीक मापाचा व्हर्नियर लावला तरच दिसतो. पाना लावून ओढला असता तर बोल्ट तिरका होऊन बसला असता आणि मी तसाच घाटात उतरलो असतो.

दुसऱ्यांदा शहाणा होऊन गेलो. ११२ पीसीडीच पाहिजे म्हटल्यावर स्कोडा लॉराची १५ इंची लोखंडी डिस्क मिळाली. पीसीडी बरोबर, पण बोअर ५७.१, म्हणजे हबवर चढतच नाही. बेळगावात असल्या अडचणीला एकच पत्ता असतो, उद्यमबाग ही कारखान्यांची वसाहत. तिथं ओळखीच्या एका लेथवाल्या काकांकडं गेलो. पन्नासेक वर्षं लेथवर काढलेला माणूस. त्यांनी अर्ध्या तासात बोअर ६७ करून दिलं, पैसे घेताना मात्र विचारलं, "बोल्ट कुठला वापरणार?"

मी कॅराव्हॅनचा बोल्ट पुढं केला. त्यांनी त्याच्या निमुळत्या तोंडाला निळा मार्किंगचा रंग फासला, डिस्कच्या भोकात घातला, दाबून एक वेढा फिरवला आणि परत काढला. मला भिंगातून बघायला लावलं. भोकाच्या आत निळ्याची केसाएवढी एक रेघ उमटली होती. मग त्यांनी आमच्याच जुन्या डिस्कच्या भोकात तोच बोल्ट घालून काढला. तिथं करंगळीच्या नखाएवढा रुंद पट्टा, सगळीकडून सारखा. "हे बघा की. लॉराचं भोक गोलाईचं हाय, वाटीसारखं, आणि वर १४ च्या बोल्टाचं. तुमचा बोल्ट १२ चा, शंकूचा. ह्यात टेकतोय नुसता, धरत न्हाई."

वर ऑफसेट ४७. म्हणजे चाक आमच्यापेक्षा १७ मिलिमीटर आत जाणार. अंगणात चढवून हातानं फिरवून पाहिलं, टायर आतल्या पत्र्याला खरवडत होता. टायरच्या किमतीचा अर्धा भाग पाण्यात आणि लेथचे पैसे वेगळे. काकांनी मजुरी परत करायची तयारी दाखवली, मी घेतली नाही. चूक त्यांची नव्हती.

तिसऱ्या वेळी एक्सलखालची पाटी पुसून, तिचा फोटो काढून ट्रेलरचे सुटे भाग मागवणाऱ्याला पाठवला. पाच आठवडे लागले, पण आली ती हुबेहूब आमच्यासारखी डिस्क. टायर आम्ही इथंच घेतला, १८५ आर १४ सी, ८ प्लायचा. भार निर्देशांक १०२, म्हणजे एका चाकाला ८५० किलोपर्यंत. आमच्या एका चाकावर साडेचारशेच येतात, तरी साधा मोटारीचा टायर नको म्हटलं. कॅराव्हॅन महिनाभर एकाच जागी उभी असते आणि सगळा भार त्याच दोन चाकांवर, त्यामुळं जाड भिंतीचा टायर लागतो. घेताना बाजूवरचे चार आकडे वाचले: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. जुन्या मालवाल्यानं दाखवलेल्या एका टायरची नक्षी नवीकोरी होती, पण आकडा १११४. २०१४ चा अकरावा आठवडा. भिंतीला चिरा. कॅराव्हॅनचे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन जातात.

आपण ज्याला स्टेपनी म्हणतो तो शब्द वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमाराला तिथल्या कारखान्यात अडीनडीचं जादा चाक बनायला लागलं. तिकडं आता हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. आपल्याकडं पंक्चरवाल्याचं पोरगं दिवसातून दहा वेळा म्हणतं.

चाक आलं जानेवारीत. आता खरी गोष्ट सुरू होते, कारण ते ठेवायचं कुठं हा प्रश्न मी स्टेपनीच्या शोधाएवढाही गंभीर धरला नव्हता. खालती पाइपच्या पाळण्यात ठेवायचा विचार सोडला. पावसाळ्यात चोर्ल्याच्या रस्त्याचा लाल चिखल एकदा तिथं बसला की पाळण्याचा बोल्ट निघणार नाही. म्हणून मागच्या भिंतीवर, जीपला असते तशी टांगली. दिसायला झकास.

फेब्रुवारीत कोल्हापूरला निघालो. तवंदी घाट उतरताना मागून एक ट्रक जवळून गेला आणि कॅराव्हॅनची शेपटी हलायला लागली. डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. ब्रेकवर पाय गेला नाही हे नशीब. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं, वेग उतरला तशी ती शांत झाली. बायको नंतर निपाणीपर्यंत बोलली नाही.

घरी आल्यावर बाथरूमचा वजनकाटा घेतला, त्यावर लाकडी ठोकळा उभा करून हुकाचा भार, म्हणजे कॅराव्हॅनचं नाक बोलेरोच्या हुकावर जेवढं वजन टाकतं ते, मोजला. पूर्वी ५२ किलो होता. आता ४१. एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के भार हुकावर हवा, म्हणजे ४५ ते ६३; कमी पडला की शेपटी हलते. हिशेब सोपा आहे. चाक १८ किलोचं, एक्सलच्या मागं १.८ मीटरवर. हूक एक्सलच्या पुढं ३ मीटर. तराजूच्या दांडीसारखं पुढचं ११ किलो वजन उचललं गेलं. मागं टांगलेल्या प्रत्येक किलोला ही शिक्षा आहे.

मार्चमध्ये स्टेपनी पुढच्या त्रिकोणी दांड्यावर, एक्सलपासून २.४ मीटरवर घेतली. भार झाला ६६, म्हणजे आता जास्त. मग पुढच्या कपाटातला २० लिटरचा पाण्याचा कॅन एक्सलच्या वर सरकवला, भार ५३ वर आला. तेव्हापासून शेपटी हललेली नाही. आंबोली, वेंगुर्ला, सौंदत्ती, दोनदा गोवा. एकच तक्रार, पुढच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसेनासा झाला. मुलाला ते आवडत नाही.

खरी परीक्षा जुलैत झाली. जांबोटी सोडून कणकुंबीकडं निघालो होतो, धो-धो पाऊस. मागचं चाक बसलेलं पुढं बसलेल्याला कळतच नाही. एका दुचाकीवाल्या पोरानं शेजारी येऊन ओरडून सांगितलं, "काका, मागच्या डब्याचं चाक बसलंय!" डावं चाक. थांबलो, दुसऱ्या चाकाला दोन्हीकडून दगड लावले, आणि मग लक्षात आलं की टायर बसल्यामुळं चॅसी इतकी खाली आली होती की बोलेरोचा बाटली जॅक आत जातच नव्हता. जवळच्या घरातल्या आजोबांनी फणसाची फळी दिली. दगड काढले, बोलेरो हातभर पुढं घेऊन बसलेलं चाक फळीवर चढवलं, दगड परत लावले, तेव्हा कुठं जॅक बसला. तोसुद्धा चॅसीच्या ठरलेल्या जागी. एक्सलच्या नळीला जॅक लावायचा नसतो, आणि कोपऱ्यातले चार पाय कॅराव्हॅन उचलायला दिलेले नाहीत, ती डुलू नये म्हणून दिलेत. बोल्ट आधी सैल केले, मग उचललं. स्टेपनी पाचही बोल्टांवर हातानं बसली, पाना लावायच्या आधीच. त्या क्षणी उद्यमबागेतल्या काकांची आठवण आली.

आम्ही पुढं गेलोच नाही. बेळगावात पोचेपर्यंत साधारण ५० किलोमीटर झाले होते, तिथं ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या टॉर्क पान्यानं बोल्ट ९० न्यूटन-मीटरला परत घट्ट केले. दोन बोल्ट किंचित फिरले. तेवढंच, पण फिरले.

पंक्चर काढणाऱ्यानं सवयीनं ३२ हवा भरली. कॅराव्हॅनच्या दारातल्या पाटीवर ४५ आहे. सांगितल्यावर म्हणाला, "एवढी कशाला ओ, मोटारच हाय की." आता हवेचा छोटा पंप गाडीतच असतो. स्टेपनीचं रेक्झिनचं आवरण मात्र टिकलं नाही, उन्हानं सहा महिन्यांत फाटलं. दुसरं शिवून घेतलं, जाड ताडपत्रीचं.

लॉराची डिस्क अजून परसात पडली आहे, ६७ बोअर, १५ इंची. दोघातिघांनी मागितली, कॅराव्हॅनलाच लावतो म्हणाले. दिलेली नाही. आई तिच्यावर कढीपत्त्याची कुंडी ठेवते.